दुसरी धाव

"घाई कफीलला असते, आपल्याला कसली?"

हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. जेवणाच्या रांगेत कोणी पुढे घुसलं की म्हणायचा, बस सुटायला आली आणि कोणाचा बूट सापडत नसला की म्हणायचा, आणि शेवटच्या षटकात बोलर घाईघाईने धावत सुटला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा. कफील म्हणजे आमचा मालक, ज्याच्या नावावर आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने. त्याचं नाव असं घेतलं की बोलर हसायचा आणि चेंडू बरोबर टप्प्यावर पडायचा.

सौदीतल्या खफजीच्या आमच्या कॅम्पमध्ये सगळे त्याला कप्तान म्हणत. केरळी, बंगाली, पेशावरचे पठाण, सगळेच. तो दापोलीकडचा. कामाने रिगर, म्हणजे क्रेनला सामान बांधायचं आणि खाली उभं राहून ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या. मी टाइमकीपर, हजेरी घेणारा. म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. शुक्रवारी मी ताडपत्रीखाली टेबल मांडून स्कोअर लिहायचो. तेव्हा मी जे सांगतोय ते अगदी जवळून पाहिलेलं आहे.

मैदान म्हणजे कॅम्पमागची कडक वाळू, मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर जुनं मॅटिंग. चेंडू टेनिसचा. सामना सकाळी लवकर सुरू व्हायचा आणि जुम्याच्या नमाजाआधी संपवायचा. त्या मैदानावर कप्तानचा उजवा हात ही एक प्रसिद्ध गोष्ट होती. बॅटिंग तो बरी करायचा, बोलिंग कामापुरती. पण सीमेवरून चेंडू उचलून फेकला की तो सरळ स्टंपवर. टेनिसचा चेंडू हलका, वाऱ्यात तरंगतो, तरीही. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांचा संघ दर वर्षी नवीन खेळाडू घेऊन यायचा, आणि त्या खेळाडूंना पहिली सूचना ही मिळायची की तो दाढीवाला जिथे उभा असेल तिथे दुसरी धाव घ्यायची नाही.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याच्या नुसत्या उभं राहण्याने समोरचे दोन पावलं मागे सरतात.

मग एका शुक्रवारी त्याचा थ्रो एक टप्पा पडून आला. आम्ही ते वाऱ्यावर ढकललं. वारा होताच. पुढच्या महिन्यात दोन टप्पे पडून आला. त्यानंतर कप्तान सीमेवरून थोडा आत उभा राहू लागला, मग आणखी आत, आणि हिवाळा संपेपर्यंत मिडऑनला येऊन पोहोचला. माझ्या वहीत धावा, विकेट, वाइड, सगळ्याला रकाना होता. कोण कुठून कुठे सरकलं याला नव्हता.

कॅम्पमध्ये मला आणखी दिसायला लागलं. तो कपडे वाळत घालताना डाव्या हाताने तार खाली ओढायचा आणि उजव्याने कसाबसा शर्ट टाकायचा. एकदा मी त्याची कामाची डांगरी उचलून तारेवर टाकली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, हजेरीत हे नको लिहू."

त्याच्या खोलीत साताऱ्याचा दत्ता राहायचा. इलेक्ट्रिशियन. वयाने कप्तानपेक्षा चारपाच वर्षांनीच लहान, पण मान थोरल्या भावासारखा द्यायचा. कामावरून आल्यावर दत्ता रोज त्याचा खांदा तेल लावून चोळायचा. दोन वर्षं चोळत होता. आम्हाला कळलं ते तेलाच्या वासाने. त्या खोलीत गेलं की आखाड्यात आल्यासारखं वाटायचं.

शेवटी दत्तानेच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर इजिप्तचे. त्यांनी खांद्याचा स्कॅन पाहिला आणि सांगितलं की खांद्यातला पट्टा झिजून फाटत आलाय, ऑपरेशन करावं लागेल, मग सहा महिने विश्रांती, आणि चेंडू फेकणं कायमचं खलास. कप्तानने हे आम्हाला हसत हसत सांगितलं. म्हणाला, डॉक्टरने विचारलं, खेळायचे पैसे मिळतात का? मी म्हटलं, नाय. तर म्हणाला, मग सोडायला सोपं आहे.

आम्ही हसलो. दत्ता हसला नाही.

गावाला त्याची बायको, म्हातारी आई आणि नववीतली मुलगी. आमचा कोणीतरी मोबाइल उभा करून सामना लाइव्ह दाखवायचा आणि दापोलीकडच्या त्या घरात तिघी सकाळची कामं उरकून बघत बसायच्या. त्या वर्षी कप्तानने मोबाइल धरणाऱ्याला सांगून ठेवलं की कॅमेरा बॅट्समनवर ठेव, फील्डिंगमध्ये काय बघायचं आहे? एकदा जेवताना मुलीचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. ती विचारत होती, "अब्बू, तुम्ही दिसलाच नाहीत. खेळत होता ना?" तो म्हणाला, होतो की, कॅमेऱ्याच्या मागे होतो. फोन ठेवल्यावर त्याने रोटीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ तो तसाच हातात धरून बसला.

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही दिलं? मीही एकदा विचारलं. त्याने सांगितलं की शनिवार ते गुरुवार मी नुसता इकाम्यावरचा आकडा आहे. शुक्रवारी चार तास मला नाव असतं. त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

स्पर्धा आली त्याच्या दोन महिने आधी दत्ताची बदली झाली, नेमकी प्लॅटफॉर्मवाल्यांच्या कॅम्पात. जाताना त्याने तेलाची बाटली माझ्याकडे दिली. मला चोळता काही येईना. कप्तान म्हणायचा, मास्तर, तू पेनच धर.

उपांत्य सामन्यात एक गंमत झाली. चेंडू मिडऑनच्या मागे गेला, कप्तान धावत गेला, उचलला, वळला. दोन धावा सहज होत्या. पण बॅट्समनने मान वर करून पाहिलं, चेंडू कोणाच्या हातात आहे ते त्याला दिसलं आणि तो जागीच थांबला. कप्तानने हात नुसता खांद्यापर्यंत उचलला होता. त्याहून वर तो जातच नव्हता. मग त्याने चेंडू शांतपणे खालून बोलरकडे टाकला आणि टेबलाजवळून जाताना मला डोळा मारला. त्या दिवशी तो फार खूश होता. संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला.

अंतिम सामना प्लॅटफॉर्मवाल्यांशी. शेवटचे दोन चेंडू, त्यांना तीन धावा हव्या, शेवटची जोडी मैदानात. स्ट्राइकवर दत्ता. दुसऱ्या टोकाला त्यांचा एक जाडजूड स्वयंपाकी, ज्याला बॅट कशी धरतात हेही नीट ठाऊक नव्हतं.

कप्तान बोलरकडे गेला, कफीलचं ते वाक्य म्हणाला, आणि मिडऑनला परत आला. दत्ताने तो चेंडू त्याच्याच डोक्यावरून मारला. कप्तान पाठमोरा धावला. गुडघेही आता पहिल्यासारखे नव्हते. चेंडू वाळूत थांबला होता तिथे तो पोहोचला तेव्हा त्यांची एक धाव पूर्ण झाली होती आणि दुसरी चालत घेता आली असती. दुसरी घेतली की स्ट्राइक पुन्हा दत्ताकडे, एका चेंडूत एक धाव. दत्ताने ती डोळे मिटून काढली असती.

कप्तान वळला. हात खांद्यापर्यंत. दत्ताने त्याच्याकडे पाहिलं. आणि हात वर करून स्वयंपाक्याला परत पाठवलं.

पुढच्या चेंडूवर स्वयंपाक्याचा त्रिफळा उडाला. आम्ही एका धावेने जिंकलो. सगळे मैदानात धावले, कोणी कप्तानला उचलायला गेलं. त्याने त्यांना बाजूला केलं आणि तो सरळ दत्ताकडे गेला. दत्ता मॅटिंगच्या कडेला बसून पॅड सोडत होता. मी वहीवर पंचांची सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"दुसरी का नाय घेतलीस?"

"रिस्क होती, कप्तान. शेवटची विकेट होती."

"माझ्याकडे बघून बोल."

दत्ताने पॅडचा पट्टा सोडायचं थांबवलं. त्याने वर पाहिलं.

"तो खांदा मी दोन वर्षं चोळलाय," तो म्हणाला. "त्याच्यावर धाव काढायला पाय उचलला नाही."

 कप्तानचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की मला पुढे झुकावं लागलं.

"भिऊन थांबला असतास तर आज मी कॅम्पभर मिठाई वाटली असती, दत्ता."

तेवढ्यात नमाजाला जाणाऱ्या बसने हॉर्न दिला. कप्तान निघून गेला. कप घ्यायला आमचा विकेटकीपर पुढे झाला.

त्या दिवशी दुपारी तो जेवायला आला नाही. मी ताट घेऊन खोलीवर गेलो. तो पलंगावर बसून होता. मला म्हणाला, मास्तर, आणखी कोण कोण थांबत असेल रे माझ्यासाठी?

मी उत्तर द्यायला हवं होतं. मला क्रेनचा ऑपरेटर माहीत होता. पेशावरचा, चांगला माणूस. गेले कित्येक महिने कप्तान खुणा डाव्या हाताने करत होता, आणि जिथे दोन्ही हात वर न्यावे लागतात तिथे अर्धी खूण करायचा. उरलेली अर्धी ऑपरेटर अंदाजाने ओळखायचा. हे मी हजेरीच्या फेरीत पाहिलं होतं. पण मी ताट खाली ठेवलं आणि म्हणालो, आधी जेवा.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तो ऑपरेटरकडे गेला आणि त्याने सरळ विचारलं. पठाण आधी टाळत होता. मग कबूल झाला. म्हणाला, "भाई, आपका हाथ मैं समझ जाता हूँ." कप्तानने त्याचे आभार मानले. तिथून तो फोरमनच्या केबिनमध्ये गेला, हजेरी देत मी आतच होतो, आणि म्हणाला की माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, मला क्रेनच्या लोडखालून काढा. फोरमनने विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, वर्ष झालं. फोरमनच्या कपाळाला आठ्या पडल्या. असं आपणहून सांगितलं तर करार वाढणार नाही, हे त्याने स्पष्ट केलं. कप्तान म्हणाला, मला माहीत आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, आणखी थोडे महिने काढता आले नसते का? त्याने वर टांगलेल्या पाइपांच्या जुडीकडे बघितलं. तिच्याखालून आमची माणसं पाण्याचे जग घेऊन जात होती.

"ते पाइप मला ओळखत नाय, मास्तर," तो म्हणाला.

करार संपेपर्यंतचे तीन महिने त्याने स्टोअरमध्ये काढले. नट, बोल्ट, हातमोजे मोजून द्यायचा. शुक्रवारी मैदानावर यायचा, माझ्या शेजारी ताडपत्रीखाली बसायचा आणि मोबाइल आधी आपल्याकडे, मग मैदानाकडे वळवायचा. मुलीला सांगायचा, हा बघ, हा आता मिडऑनला उभा आहे, पाय बघ त्याचे, चुकीचे आहेत. तिकडून ती काहीतरी बोलायची आणि तो खो खो हसायचा. दत्ताचं नाव मात्र तो घेत नसे. दत्ताने दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

जायच्या दिवशी सकाळी दमामच्या विमानतळावर जाणारी बस कॅम्पच्या आवारात उभी होती. आम्ही सातआठजण जमलो होतो. तेवढ्यात एक टॅक्सी आली आणि दत्ता उतरला, कामाच्याच कपड्यांत. अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता. त्याने सरळ कप्तानची बॅग उचलली. कप्तानचा हात आपोआप पुढे आला, बॅग परत घ्यायला. तो हवेत थांबला. मग त्याने तो मागे घेतला.

दत्ता बसमध्ये चढला, बॅग वरच्या फळीवर सारली. खालून कप्तानने सांगितलं, "नीट ठेव. अत्तराच्या बाटल्या आहेत. बायको मला नाय, बाटल्यांना बघेल आधी."

आम्ही सगळ्यांनी गळाभेट घेतली. कप्तान आत जाऊन खिडकीशी बसला. दत्ता उतरायला वळला तेव्हा कप्तान जरा सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने झटकली. दत्ता बसला. काचेआडून ते काय बोलले, ते मला माहीत नाही. फार बोलले असं वाटलं नाही.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, यल्ला, म्हणजे चला, म्हणाला आणि दरवाजा लावून घेतला. दत्ता उतरलाच नाही. बस आवार ओलांडून गेटपर्यंत गेली, तिथे कागद तपासायला थांबली आणि मग डांबरी रस्त्याला लागली.

धूळ खाली बसली तेव्हा गेटकडून एक माणूस उन्हातून चालत परत येताना दिसला. सावकाश येत होता.