शेगडीवर शेकलेली काच

नेलिदा कायुनने बारिलोचेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं एकच काम केलं. उपग्रहात जायच्या वस्तू कोबाल्टच्या खोलीत ठेवायच्या आणि किरणांनी त्यांचं काय होतं ते लिहायचं. तिच्या सहीशिवाय वस्तू पुढे जात नसे. पदवी नव्हती, पण शेखी मिरवणारे पदवीधर तिने ढिगाने पाहिले होते.

इंजिनियर ब्रांदोनी त्यातलाच. ब्वेनोस आयरेसहून आलेला. बूट चकचकीत, केस त्याहून चकचकीत, बाकी आत अंधार. त्याने काचेच्या तंतूचं वेटोळं आणलं होतं. त्यातून धावणाऱ्या उजेडावरून उपग्रहाला आपलं तोंड कुठे आहे ते कळणार होतं. किरण लागले की ही काच आतून काळवंडते. बाहेर काढून ठेवली की पुन्हा सावरते, उबेत तर फारच लवकर. म्हणून मोजायचं ते किरण चालू असतानाच.

त्या दुपारी नेलिदा आली, तर वेटोळं कोबाल्टच्या खोलीतून बाहेर, शेगडीवरच्या फळीवर, खिम्याच्या करंज्यांसारख्या एम्पानादांच्या ताटाशेजारी.

"हे इथे कधीपासून आहे?"

"जेवायला बसलो तेव्हापासून. झाले असतील दोन तास. आत्ताच मोजलं, नेलिदाबाई. उजेड झकास! करा सही."

"बाहेर काढायच्या आधी मोजलंत?"

"काय फरक पडतो?"

पाठांतर न करता रंगमंचावर आलेल्या नटाकडे पाहावं, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"वरती शेगडी नेणार आहात का, इंजिनियरसाहेब? मग एम्पानादाही बांधून देते."

तो लालबुंद झाला. "निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. तेवढ्या महिन्यांचा तुमचा नवा करार माझ्याच सहीसाठी टेबलावर पडलाय. विचार करा."

तिने केला नाही. वेटोळं पुन्हा आत ठेवलं, तंतूची टोकं भिंतीतल्या भोकातून काढून मापकाला जोडली, जड दार लावलं. मग येर्बाचा कडू चहा पेल्यात भरला. तो पेला समोरच्यालाही भरून द्यायचा असतो. तिने सगळा एकटीनेच प्यायला, त्याच्याकडे बघत.

तासाभरात उजेड निम्म्यावर आला.

"यंत्र जुनं झालंय," ब्रांदोनी पुटपुटला.

"मीही झालेय. दोघांनाही अजून खोटं जमत नाही."

अहवालात तिने लिहिलं: 'किरण चालू असताना उजेड निम्मा. इंजिनियर ब्रांदोनी यांनी वेटोळं एम्पानादांशेजारी दोन तास शेकल्यावर सुधारला.' खाली पूर्ण नावानिशी सही.

ते वेटोळं उपग्रहात गेलं नाही. तिचा करारही झाला नाही. शेवटच्या दिवशी ब्रांदोनी दारापर्यंत आला आणि मोठेपणाने त्याने हात पुढे केला. नेलिदाने त्या हातात आपला रिकामा पेला ठेवला.

"विसळून ठेवा," म्हणाली. "एवढं जमेल तुम्हाला."