पाटीवरचं दोनशे

चहा घ्या आधी, मग हसा खुशाल. माझी अक्कल त्या दिवशी कुठं चरायला गेली होती, ते सांगतो!

तहसिलीत मी कारकून होतो, तोही हंगामी. शिकलो सगळं उर्दूत अन् नोकरी आली मराठीत! त्यात ग्रामपंचायतीची मतमोजणी लागली. रिवाज असा, की आकडा आधी अक्षरी लिहायचा, मग मोठ्यानं वाचायचा. मला नुसतं 'एकोणसत्तर' म्हटलं तरी घाम फुटायचा. एका आकड्यापायी तीन-तीन कागद खराब!

तहसीलदार साहेब वैतागले. "शेख, कागद काय झाडाला लागतात? तुम्हाला कायम करायची शिफारस लिहून ठेवलीय. मोजणी नीट पार पाडा, सही करतो."

मग काय! शाळेतली एक पाटी मागवली. लिहा, वाचा, पुसा. एक कागद लागंल तर शपथ! साहेब लई खूश.

तिथंच थांबावं की न्हाय? पण शहाणपण उतू चाललं होतं ना!

पहिले उमेदवार पाटील, दोनशे चार. दुसरे देशमुख, दोनशे चौदा. म्हटलं, 'दोनशे' तेच हाय, ते कशाला पुसायचं? नुसतं 'चार' पुसलं अन् 'चौदा' लिहिलं. तिसरे गणपतराव, गावानं चेष्टेनं उभे केलेले. मतं एकवीस. मी 'चौदा' पुसलं, 'एकवीस' लिहिलं अन् खड्या आवाजात वाचलं, "गणपतराव, दोनशे एकवीस!"

हलगी कडाडली! गुलाल उधळला! खांद्यावर बसून गणपतराव ढसाढसा रडायले, "मला वाटलं, घरची तरी पडत्यात का न्हाय!"

तेवढ्यात देशमुख उठले. "ओ साहेब, गावात मतदार साडेचारशे. ही सहाशे एकोणचाळीस मतं आली कुठनं?"

साहेबांनी पाटी बघितली, मग मला बघितलं. "शेख, हे 'दोनशे' कुणाचं?"

"देशमुखांचं, साहेब."

"मग गणपतरावांकडं कसं गेलं?"

"काटकसर, साहेब..."

गणपतरावांना खाली उतरवलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस मोठा दिलाचा. मलाच म्हणाला, "असू द्या शेखसाहेब, घटकाभर मेंबर तर झालो!"

अन् माझी शिफारस? साहेबांनी नवा कागद घेतलाच न्हाय. 'शेख यांना' तेवढं ठेवलं, पुढचं 'कायम करावे' खोडलं अन् लिहिलं, 'भूम तहसिलीत पाठवावे'.

युक्ती माझीच, फक्त त्यांची चुकली न्हाय!