ओटे काढलेली गल्ली

भोरात बाजारातून देवळाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर एकीला मागे जावे लागे. घरांपुढे कमरेइतके उंच दगडी ओटे होते. मधोमध एक वाकण होते.

चैत्रातल्या उत्सवाला सारे खोरे गावात येई. त्या दिवशी सकाळीच लोक आपापले ओटे धुऊन मोकळे करत आणि स्वतः दारात उभे राहत. ओटा त्या दिवशी पाहुण्यांचा. पालखीपुढचे शिंग वाजले की रस्त्यातली माणसे ओट्यांवर चढत, गल्ली रिकामी होई, पालखी जाई आणि माणसे पुन्हा उतरत. वाकणापलीकडचे दिसत नसल्याने मागचे लोक रेटत नसत.

आमच्या ओट्यावर दर वर्षी हिर्डोशीची एक बाई येई. आदल्या दिवशी पायी निघे आणि आईसाठी नाचणीचे पीठ आणी. वय आईपेक्षा थोडे कमी असावे.

“आक्का, दारातनं जरा सरका की. औंदा लई रुंद झालाय तुमी.”

“मी रुंद झाले, की तू सगळं गाव बरोबर आणलंस?”

“गाव मागनं येतंय. म्या आपली जागा धरून ठिवली.”

मोटारी येऊ लागल्या तेव्हा गल्ली सरळ आणि रुंद करायचे ठरले. मी कचेरीत नकाशे काढत असे. मोजणी माझ्याकडे आली. मार्गशीर्षातल्या एका दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, मी साखळी टाकून ती पुरी केली. नकाशावर ओटे तांबड्या शाईने रंगवले आणि बाजूला ‘अडथळा’ असे लिहिले. उत्सवाच्या दिवशी हेच ओटे रस्ता असतात, हे मला लहानपणापासून माहीत होते. ते दाखवायची खूण नकाशात नव्हती. मी दाखवले नाही.

आईने विचारले, “अरे, मग माणसं चढतील कुठं?”

“चढायची गरजच उरणार नाही. रस्ता दुप्पट होतोय.”

ओटे निघाले. वाकणावरचे घर पाडले. प्रत्येक दाराशी एकेक पायरी राहिली.

पुढच्या चैत्रात बाजाराच्या टोकावरून पालखी थेट दिसू लागली. दिसताच मागचे लोक पुढे निघाले. शिंग वाजले, पुढच्यांनी सवयीने बाजूला पाहिले. तिथे भिंती होत्या. गर्दी पहिल्यांदाच दारांना टेकली. एकामागून एक घरांनी दारे लावली. आमच्या दाराला अडसर मी घातला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. “आक्का, दार उघडा. म्या हाय.”

आई उठली. मी तिचा हात धरला. दार उघडले तर सगळा लोंढा घरात येईल, तू पायाखाली जाशील, असे मी म्हणालो. ते खरेही होते.

“आक्का, हितं पाय ठेवाया जागा न्हाई.”

त्यानंतर आणखी दोन-तीन थापा पडल्या. मग पालखी गेली.

अडसर काढला तेव्हा ती पायरीवर, दाराला पाठ लावून बसलेली होती. दार आत उघडताच ती मागे, उंबऱ्यावर कलंडली. श्वास थांबलेला होता. पिठाची पुरचुंडी पोटाशी होती.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा गावची चार माणसे घेऊन आला. गर्दीबद्दल त्याने काहीच विचारले नाही. पायरीपाशी उभा राहून त्याने भिंतीवरून हात फिरवला.

“हितला वटा कुठं गेला, साहेब?”

“रस्त्यात गेला,” मी म्हणालो.

“कुणी काढला?”

आईने माझ्याकडे पाहिले आणि ती आत गेली.

कचेरीला अहवाल हवा होता. तोही मीच लिहिला. रस्त्याची नवी रुंदी त्यात बिनचूक दिली आहे.

त्यापुढच्या उत्सवाला आईने अडसर चुलीत घातला आणि दार दिवसभर उघडे ठेवले. गर्दी दारावरून गेली. हिर्डोशीचे कोणी आले नाही.