नलिनीकाकूंची सही

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात शनिवारची मराठी मंडळी जमली की किस्से निघतात, आणि पॉटलकला घरोघरून आणलेल्या डब्यांसारखे कोणाचे कोणाकडे राहतात ते काही कळत नाही. पण २००४ सालच्या गव्हर्नरच्या निवडणुकीचे किस्से माझ्याचकडे साठलेत. कारण बाकीचे ते सांगताना हसतात आणि माझं अजूनही डोकं फिरतं! मी नागपूरची. हसून सोडून देणं मला जमत नाही.

*

पहिला माझाच. तेव्हा मी वर्क व्हिसावर होते, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जॉबमध्ये. दर पगारातून टॅक्स अगदी न चुकता कापला जायचा. मत मात्र नाही.

एक दिवस दारावर प्रचाराच्या बाई आल्या, जांभळा रेनकोट घातलेल्या. गोड हसून त्यांनी माझ्या हातात पत्रक दिलं, "तुमचं मत आम्हाला मिळेल ना?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला मताचा हक्क नाही. पण शाळांसाठी तुम्ही काय करणार ते तर सांगा."

बाई म्हणाल्या, "ओह, सो सॉरी!" आणि माझ्या हातातलं पत्रक परत काढून घेतलं!

बाप्पा! अहो, कागदाचा एक कपटा, तोही परत? मी दार आपटलं आणि नवऱ्यावर ओरडले. त्याचा काहीच दोष नव्हता, पण घरात तोच होता.

*

दुसरा आमच्या ऑफिसातल्या स्कॉटचा. जन्मल्यापासून इथला. मतदानाच्या मंगळवारी विचारलं, "दिलंस का रे मत?"

"छे! दोघांतला कोण कोण आहे, हेच मला ठाऊक नाही."

"मग माझ्याऐवजी तुलाच कशाला दिलाय हक्क?" मी म्हटलं. त्याला वाटलं मी जोक केला.

पुढे मोजणी अशी रंगली की विचारू नका. पहिल्यांदा मोजलं तर एक पुढे. मशीनने परत मोजलं, तरी तोच, पण जेमतेम. तिसऱ्यांदा माणसं बसवून हाताने मोजलं, तर दुसराच उमेदवार निवडून आला! स्कॉट रोज पॉपकॉर्न घेऊन बातम्या बघायचा. "व्हॉट अ गेम, मीनल!"

"अरे गेम काय? तुझंच राज्य आहे ना हे?"

त्याने पॉपकॉर्नची पिशवी माझ्यापुढे धरली. राग आला होता तरी मी खाल्ले.

*

आता वसंतकाका. विमानांच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर, तीसेक वर्षं अमेरिकेत, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. कायमचे कसे? वार्षिक सभेत बटाटेवड्यांचे ट्रे टेबलावर आले की काका उठतात आणि विचारतात, "मीच पुढे चालू ठेवावं असं सगळ्यांचं म्हणणं दिसतंय. कोणाला हरकत?" वड्यांचा वास सुटलेला असतो, पोरं रडत असतात. हरकत कोण घेणार?

एकदा मी हात वर केला. "काका, मतदान घ्या ना."

"घेऊ की! पण वडे थंड होतायत."

माझा हात चारी बाजूंनी लोकांनीच खाली ओढला. आणि जेवताना हेच काका तासभर लोकशाहीवर बोलले!

*

काकांची बायको म्हणजे नलिनीकाकू. अत्यंत गोड बाई, पण काहीही विचारा, उत्तर एकच: "ह्यांना विचार." गाडी कोणती घेतली? ह्यांना विचार. नायगाऱ्याला कधी गेला होतात? ह्यांना विचार. तुमचं मत कोणाला? तेही ह्यांना विचार! दर निवडणुकीला दोघांच्या मतपत्रिका पोस्टाने घरी यायच्या आणि काका दोन्ही भरायचे. "हिला कशाला त्रास?" म्हणायचे. सहीसुद्धा तेच ठोकायचे. मी ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला.

पण त्या वर्षी काका भावाबरोबरच्या जमिनीच्या भांडणासाठी नाशिकला गेले आणि तिथेच अडकले. मतपत्रिका आल्या. काकांचा तिकडून फोन, "हात लावू नकोस. राहू दे या वेळी. एका मताने काय होतंय?"

काकूंनी फोन ठेवला. आठवडाभर दोन्ही उमेदवारांची भाषणं ऐकली, डिक्शनरी घेऊन बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मत स्वतः दिलं. पाकिटावर सही केली आणि पोस्टात टाकायला मला बरोबर नेलं. कोणाला दिलं ते विचारलं, तर हसल्या फक्त. काकांची मतपत्रिका तशीच फ्रिजवर पडून राहिली.

*

मोजणी चालू असतानाच काकूंच्या दारावर त्याच जांभळ्या रेनकोटातल्या बाई हजर! एकेका मतासाठी आता पक्षाची माणसं दारोदार फिरत होती. म्हणे, तुमचं मत बाजूला काढून ठेवलंय. पाकिटावरची सही रेकॉर्डमधल्या सहीशी जुळत नाही. मुदतीत निवडणूक कचेरीत येऊन सिद्ध करा, नाहीतर मत रद्द.

काकू मला फोनवर म्हणाल्या, "मीनल, मी खोटी सही केली असं म्हणतायत गं." आवाज इतका लहान झाला होता की माझं रक्तच उकळलं.

काका तोवर परतले होते. "जाऊ दे ना. कशाला तमाशा?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही येऊ नका. मी नेते." तर स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसले. काकूंना इंग्रजी सुधरणार नाही म्हणे!

काउंटरवरच्या क्लार्कबाईंनी दोन सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. पाकिटावरची, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखी. आणि दहा वर्षांपूर्वी नाव नोंदवतानाची, झोकदार, खाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती रेघ आणि ती दोन टिंबं आमच्या मंडळाच्या प्रत्येक वर्गणीच्या पावतीवर असतात!

काकूंनी आयडी दाखवलं, बाईंसमोर सही केली. एकेक अक्षर सुटं.

"अगं आटप, पार्किंगचं मीटर संपेल," काका म्हणाले.

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "माझी सही आहे ना?"

बाईंनी मान डोलावली. मग जुन्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "मग ही कोणाची?"

काका छताकडे बघायला लागले. कपाळावर घाम, हातातला रुमाल हातातच! मला वाटलं, बोला काकू, आता बोला! काकूंनी काकांकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मग क्लार्कबाईंना म्हणाल्या, "दॅट ऑल्सो मी. आय वॉज यंग."

नवी सही रेकॉर्डला लागली. मत मोजणीत गेलं.

बाहेर आलो तर काकांनी काकूंसाठी गाडीचं दार उघडलं आणि स्वतः गुपचूप मागे जाऊन बसले. मी रागाने नुसती धुमसत होते. दार लावायच्या आत मी काकूंच्या कानाशी लागले, "का वाचवलंत त्यांना?"

"वाचवलं कुठे?" काकू सीटबेल्ट लावत म्हणाल्या. "राखून ठेवलंय."

*

२००८ साली तेच दोन उमेदवार गव्हर्नरपदासाठी पुन्हा समोरासमोर उभे राहिले. शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं. काका सोफ्यावर, काकू किचनमध्ये माझ्याबरोबर पुऱ्या लाटत होत्या. आमच्यातल्या अमोलने हॉलमधून मोठ्याने विचारलं, "मग काका, या वेळी तुमचं मत कोणाला?"

काकांनी किचनकडे बघितलं.

"हिला विचार," म्हणाले.