मालकाची जागा

नट खोलायच्या आधी भाऊ त्याच्यावर पान्यानं दोनदा टकटक करायचे. कुणाच्या दारावर वाजवावं तसं. मग पाना लावायचे आणि म्हणायचे, "माणसानंच कसला हाये ना गा? मंग माणसाले खुलीनच."

कधीकधी खुलायचा नाही. नट आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले असायचे. मग भाऊ त्यावर थोडं रॉकेल सोडायचे, "उद्या पाहतो तुले" असं नटालाच बजावायचे आणि हात धुवायला जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. असा एक नट त्यांनी सतरा दिवस वाजवला. अठराव्या दिवशी तो फिरला, तेव्हा त्यांनी तो वहिनींच्या तळहातावर ठेवला. "घे वं, हा बेटा आला एकदाचा घरी."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या अंगणाकडं बघून लोक जाता-येता मान हलवतात. भाऊंचं अंगण नागपुरात अजनीच्या पलीकडं होतं. दोन खोल्या, एक कडुनिंब आणि निंबाखाली पत्र्याच्या आडोशाला एक विलायती मोटार. भाऊ रेल्वेत फिटर होते. सुट्टीचा सगळा दिवस आणि कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंतचा वेळ ते त्या मोटारीत असायचे. मोटारीत म्हणजे बहुतेक वेळा मोटारीखाली.

माझी त्यांची ओळख कुशनमुळं झाली. मी मूळचा सांगलीकडचा. सातवीत शाळा सोडली, त्यानं मला आणि गणिताच्या मास्तरांना सारखंच बरं वाटलं. ताडपत्र्या शिवणाऱ्या एका मुकादमाबरोबर नागपूरला आलो आणि कॉटन मार्केटजवळच्या कुशनच्या दुकानात कामाला लागलो. पंचाहत्तर साल असेल, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळ्याचीच धास्ती वाटायची. टाका चुकेल, शेट रागावेल, माझं बोलणं ऐकून लोक हसतील.

भाऊ दुकानात आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा चामड्याचा तुकडा घेऊन. तपकिरी, कडेला बारीक गोट, टाका इतका एकसारखा की यंत्रालाही लाज वाटावी. तीन दुकानांनी त्यांना मुंबईला जायला सांगितलं होतं.

"असंच पाह्यजे," भाऊ म्हणाले. "रंग हाच, टाका हाच, गोट हाच."

मी खरं ते सांगितलं. "असलं काम मी कधी केलेलं न्हाई."

"मंग बिघडवलंबी नसंल," भाऊ म्हणाले. "चाल."

त्या एका वाक्यावर मी नागपुरात टिकलो, असं मी आजही मानतो.

ती मोटार दोन माणसांची होती, दोघांना मिळून एकच लांब सीट. टप नाही, लांबलचक नाक, पाठीमागं निमुळती. नाकावरचा बिल्ला कुणीतरी आधीच काढून नेला होता. खाप्याकडच्या एका मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, ती हौसेनं आणली होती. मालगुजारी गेली, हौस गेली आणि मोटार गोठ्याच्या कडेला कोंबड्यांच्या ताब्यात गेली. पुढं त्याच्या घरच्यांनी जुनं लोखंड भंगारात काढलं, तेव्हा भाऊंनी भंगारवाल्याकडून ती उचलली आणि बैलबंडीवर घालून, वरून कडबा झाकून घरी आणली. कोंबड्यांचा वास दोन वर्षं गेला नाही.

शेजारी कुंपणावरून विचारायचे, "काय गा भाऊ, बसली का कोंबडी?"

"बसली ना. अंडे तुह्याच घरी धाडतो," भाऊ खालूनच ओरडायचे.

वहिनी या सगळ्यात कुरकुर करायच्या, पण सुटलेला एकेक भाग त्यांच्याच तिखट-हळदीच्या जुन्या डब्यांत असायचा, आणि कुठल्या डब्यात काय आहे हे भाऊंपेक्षा त्यांना चांगलं ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्यांनी मोटारीचं बोनेट उचलून सरळ अंगणात पसरलं आणि त्यावर मुगवड्या घातल्या. भाऊ म्हणाले, "अवं, विलायती पत्रा हाये तो." वहिनी म्हणाल्या, "मंग वड्याबी विलायती होतीन." त्या उन्हाळ्यातल्या वड्यांना ऑइलचा वास होता. आम्ही सगळ्यांनी त्या मुकाट खाल्ल्या.

मी रविवारी आणि गुरुवारी दुपारी जायचो. जुन्या स्प्रिंगा मोडल्या होत्या, त्या भाऊंनी रेल्वेच्या भंगारातल्या तारेतून वळवून दिल्या. काथ्या मी विंचरून भरला. चामडं तीनदा रंगवलं. दोनदा उसवलं, कारण गोट अर्धा दोरा इकडंतिकडं होत होता. मी घाबरत घाबरत उसवलेलं दाखवलं की भाऊ म्हणायचे, "उसवता येते ना तुले? मंग काहून भेतं?"

एकदा धीर करून मी विचारलं, "भाऊ, एवढं हुबेहूब कशाला? कोण बघणार हाय?"

भाऊ चाकाला टेकून बसले. म्हणाले, "माहा बाप पाहीन."

भाऊंचे वडील, आबाजी, त्या मालगुजाराकडं सालदार होते. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. बैल त्यांच्याकडं आणि ही मोटारही त्यांच्याकडं. धुवायची, पुसायची, अडली तर ढकलायची. बसायची मात्र नाही. मालक शेतावर निघाले की आबाजी पुढं पळत जाऊन एकेक फाटक उघडायचे.

"आन् मालकाच्या बाजूले, सीटवर, त्याचा कुत्रा बसे," भाऊ म्हणाले. "मी पाच-सहा सालचा असंन. बाप पळून राहिला आन् कुत्रा वारा खाऊन राहिला, हे म्या डोयानं पाह्यलं."

मग त्यांनी आपला बेत सांगितला. पोळ्याला गावच्या तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहतात. आबाजींनी आयुष्यभर तिथं मालकाची जोडी नेली, स्वतःची कधी नाही. या पोळ्याला ते या मोटारीत, भाऊंच्या शेजारी बसून तोरणाखालून जाणार होते. आबाजींची पंचाहत्तरी उलटली होती. पुढच्या पोळ्याचा भरवसा भाऊंना नव्हता.

पोळ्याला महिना उरला असताना मालगुजारांचा नातू आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. पांढरा सफारी, बोलणं गोड. मोटारीभोवती तो दोनदा फिरला आणि माझ्या सीटवर हात ठेवून थबकला. "आजोबांची सीट. अगदी तीच," तो म्हणाला. माझी छाती फुलली, खोटं कशाला सांगू. मग त्यानं मोटार परत मागितली. म्हणाला, "चांगला मोबदला देईन. शेवटी घरची वस्तू आहे आमच्या."

भाऊ हात पुसत होते. "घरची असती तं कोंबड्याले नसती देल्ली," ते म्हणाले. "चहा घ्या."

चहा घेऊन तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, "काही बदलू नका मात्र. जशी होती तशीच ठेवा, म्हणजे किंमत राहील."

"तशीच ठिवली हाये," भाऊ म्हणाले. ते वाक्य पुढं त्यांनाच चावलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आबाजींना गावाहून आणलं. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, पण पाठ ताठ. भाऊंनी पत्र्याचा आडोसा बाजूला केला. मोटार उन्हात चमकली. वहिनींनी कुंकू लावलं. शेजारी कुंपणाला चिकटले. भाऊंनी एका झटक्यात इंजिन सुरू केलं आणि बाजूचं दार उघडलं.

आबाजी जवळ आले. सीटवर बोट फिरवलं. वाकून वास घेतला. कडेच्या गोटावरून अंगठा नेला आणि पटकन मागं घेतला.

"बसा ना, आबाजी."

"ते मालकाची जागा हाये, पोरा."

"मालक गेले मरून. बसा."

आबाजींनी मान हलवली. मग ते वळले, फाटकापाशी गेले, फाटक सताड उघडलं आणि कडेला हात बांधून उभे राहिले. भाऊंना वाटलं, मोटार हलली की येतील. त्यांनी मोटार हळूच बाहेर काढली. तसे आबाजी धोतराचा सोगा धरून मोटारीच्या पुढं पळायला लागले. त्या वयात. पुढचं फाटक उघडायला. त्या रस्त्यावर पुढं एकही फाटक नव्हतं.

कुंपणावरचं कुणी हसलं नाही. भाऊंनी इंजिन बंद केलं. मी धावत जाऊन आबाजींना परत आणलं.

मी म्हणालो, "भाऊ, माझं काही चुकलं का?"

"तुहं काही नाही चुकलं. चुकलं माहं," भाऊ म्हणाले. "मालकाची जागा म्या जशीच्या तशी बनवली. तं मालक उठीन कसा तिथून?"

मग ते उतरले, पाना घेतला, सीटच्या खाली हात घातला. टकटक. टकटक. चार नट. तीन महिन्यांचं माझं काम त्यांनी उचलून निंबाखाली ठेवलं. उभ्या जन्मात मी त्याहून चांगलं काही शिवलेलं नव्हतं, नंतरही नाही.

"आता आबाजी सांगतीन तशी," भाऊ मला म्हणाले. "त्याईलेच विचार."

मी आबाजींपाशी जाऊन बसलो. विचारलं, "बंडीवर तुम्ही कशावर बसत होता?" म्हातारा एकदम बोलता झाला. खाली सागाची फळी, त्यावर अंबाडीच्या दोरीची वीण, वर बोरा, बोऱ्यात सरकी काढलेला घरचा कापूस. "जादा नोको भरू. बैलाचं पाऊल बुडाले समजलं पाह्यजे." दोरी त्यांनी स्वतः वळली. माझी वीण सैल पडली, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. शाळेनंतर तेवढ्या प्रेमानं मला कुणी मारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोणपाटाची बैठक विलायती मोटारीत बसली आणि आबाजी तिच्यावर बसले. न सांगता. पाय दुमडून. मग भाऊंकडं बघून म्हणाले, "हाक ना. काहून थांबला?"

पोळ्याला मीही गावी गेलो, बसनं. मोटारीच्या मागच्या निमुळत्या पाठीवर बसून चल, असं भाऊ म्हणाले होते. मी म्हणालो, पुढच्या वेळी. माझं धाडस झालं नाही.

तोरणाखाली जोड्या लागल्या होत्या. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. पहिली जोडी अजूनही मालगुजारांच्याच घरची. शेवटच्या जोडीमागं मोटार येऊन थांबली, तसा गलका झाला. एक जाणता म्हातारा आडवा आला. "पोळा बैलाचा हाये गा. हे रीत नाही."

भाऊ उतरले. मला वाटलं, आता भांडण. भाऊ तोरणाच्या खांबापाशी गेले, खिशातून पाना काढला आणि खांबावर दोनदा टकटक केलं. बस्स. मग परत येऊन बसले.

म्हातारा कसानुसा झाला. "याचा काय अर्थ?" तो म्हणाला. मला तो कळला: रीतही माणसानंच कसलेली होती. आबाजी गोणपाटावर गुडघ्यांवर उठले. पोळ्यात झडत्या म्हणतात, एकमेकांना टोचणाऱ्या चारचार ओळी. आबाजींनी जन्मात कधी झडती म्हटलेली नव्हती, सालदार कशाला म्हणेल? त्यांचा आवाज सुरुवातीला फाटला, मग चढला:

"पहिली जोडी मालकाची, दुसरी पाटलाची,
तिसरी माही बिनशिंगाची, नाही कोनाच्या बापाची..."

मग मागून कुणीतरी पोरगं "हर हर महादेव" म्हणालं आणि सगळा पोळा त्याच्यामागं ओरडला. आडवा आलेला म्हातारा बाजूला झाला, बहुधा हसू लपवायला. आबाजींनी जीभ टाळ्याला लावून बैलाला करतात तसा आवाज केला, "चल राजा," आणि मोटार तोरणाखालून गेली. आंब्याची दोन पानं आबाजींच्या पागोट्यात अडकली होती. ती त्यांनी घरी जाईपर्यंत काढली नाहीत.

आबाजी त्यानंतर दोन पोळे बघून गेले. मालगुजारांच्या नातवानं बैठक पाहिली तेव्हा तो कळवळून म्हणाला, "सगळी किंमत घालवलीत." भाऊ म्हणाले, "मालकाची गेली. आमची आत्ता कुठं आली."

माझं स्वतःचं दुकान झालं ते भाऊंच्या जिवावर. उद्घाटनाला ते ती तपकिरी सीट हातगाडीवर घालून घेऊन आले. चार पाय त्यांनीच जोडले होते. "गिऱ्हाइकाले बसाले," म्हणाले. "ज्याचे पाय दुखून राहिले त्याले बसव. कोन हाये ते विचारू नोको." मी तसंच केलं. हमाल बसले, मास्तर बसले, धंतोलीला दवाखान्यात निघालेली, पायाला पट्टी बांधलेली एक बाई बसल्या बसल्या झोपून गेली. मी मात्र कधी बसलो नाही. भाऊ येऊन माझ्या स्टुलाकडं बघायचे आणि म्हणायचे, "तूबी आबाजीच हाये लेका." मी म्हणायचो, पुढच्या वेळी.

भाऊ गेले त्या दिवशी घाटावरून मी पायीच दुकानात आलो. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. पाय भरून आले होते. स्टूल समोरच होतं.

मी सीटच्या लाकडी कडेवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि बसलो. भाऊंनी वळलेली स्प्रिंग एकदा कुरकुरली. मग तिनं माझं वजन घेतलं.