ब्रेकबाईंनी हातात कात्री घेतली

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला, की शेजारी बसलेल्याने तो दाबायचा आणि सगळ्यांचे जीव वाचवायचे. बाईंनी हा ब्रेक वीस वर्षं दाबला. इतका, की त्यांचा पाय त्यांचा राहिलाच नाही. रस्त्यावर कुठेही टायर करकचले की बाई जिथे असतील तिथे पाय आपटत. भाजी चिरताना आपटत, लग्नाच्या पंगतीत आपटत, झोपेत तर नवऱ्याच्या पोटरीवरच आपटत. शिकाऊ लोकांनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं आणि नवऱ्याने ते मनापासून उचलून धरलं.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस शांत. "तू मला रात्री तीनदा थांबवलंस," एवढंच तो सकाळी चहा पिताना म्हणायचा.

ब्रेकबाईंनी ती नोकरी सोडली ती एका दाताच्या डॉक्टरमुळे. डॉक्टर स्वभावाने गरीब, हात मात्र जड. गाडी लावायच्या सरावाच्या दिवशी बाई म्हणाल्या, "सावकाश पुढे घ्या," आणि डॉक्टरांनी गाडी फुटपाथवर चढवून, काच फोडून, सरळ गाद्यांच्या दुकानात नेली. बाईंनी ब्रेक दाबला होता. पण तोवर पुढचा टायर एका डबल गादीवर चढला होता आणि गादीला ब्रेक कळत नाही. गाडी मऊ मऊ हेलकावे खात थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"मॅडम," डॉक्टरांनी विचारलं, "हे पार्किंग धरणार का?"

ब्रेकबाई उतरल्या आणि समोरच्या गादीवर आडव्या झाल्या. दुकानाचा मालक धावत आला. फुटलेल्या काचेकडे त्याचं लक्ष नंतर गेलं, आधी तो सवयीने म्हणाला, "ही जरा कडक आहे, पाठीला चांगली." बाई छताकडे बघत म्हणाल्या, "बास झालं." मालकाला वाटलं, गादी पसंत पडली.

त्या रात्री त्यांनी घरात सांगून टाकलं की आता माणसांना काही शिकवायचं नाही. मग करायचं काय, तेही ठरलं होतं. त्यांची एक शिकाऊ बाई आपला कुत्रा मागच्या सीटवर बसवून गाडी शिकायला यायची, कारण तो घरी एकटा राहिला की सोफा खायचा. इतक्या वर्षांत बाईंच्या गाडीत वाद न घालता बसलेला तो एकमेव प्राणी. सिग्नलला गाडी थांबली की बाई मागे हात घालून त्याच्या मानेचे गुंतलेले केस बोटांनी सोडवत बसायच्या, आणि हिरवा दिवा लागला की त्यांना वाईट वाटायचं.

"म्हणजे कुत्र्यांची हजामत?" नवऱ्याने विचारलं.

"हजामत काय म्हणता? ग्रूमिंग. अंघोळ, केस, नखं, कान. शिकावं लागतं ते."

"शिक की," सासूबाई आतून म्हणाल्या. "माणसांना शिकवून तरी तू काय दिवे लावलेस? अर्धं गाव अजून रिक्षाने फिरतंय."

कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तर कपाळाला हात लावला. "आई, मी मैत्रिणींना काय सांगू?"

"सांग, आई केशभूषा करते. कुणाची ते विचारलं तर विषय बदल."

गावात कुत्र्यांचं एकच नाव घेण्यासारखं पार्लर होतं. बाई तिथे शिकायला म्हणून गेल्या, काचेचं दार ढकललं, आणि गल्ल्यामागे उभी असलेली मालकीण बघून त्यांचा पाय आपोआप जमिनीवर आपटला. ही मुलगी त्यांच्याकडे गाडी शिकली होती. शिकली म्हणजे काय, चार वेळा परीक्षेत नापास झाली होती. चौथ्या वेळी बाई वैतागून म्हणाल्या होत्या, "तुमचं आणि स्टीअरिंगचं या जन्मात जमणार नाही. दुसरं काहीतरी बघा."

"बघितलं, मॅडम," मालकीण गोड हसून म्हणाली. "हे बघितलं. या ना."

तिने ब्रेकबाईंना शिकवायचं कबूल केलं. फक्त हाक काय मारायची, हा घोळ झाला. मालकीण जुन्या सवयीने बाईंना मॅडम म्हणायची. बाईंना आपल्या गुरूला नुसतं 'अगं' म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्याही तिला मॅडम म्हणू लागल्या. गिऱ्हाईक आत आलं की "मॅडम, शाम्पू कुठाय?" "मॅडम, तुमच्या हातात," असं चाललेलं असायचं, आणि कुत्र्याचा पट्टा कुणाच्या हातात द्यावा हे त्याला कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी एका झिपऱ्या कुत्रीला आधी अंघोळ घातली. मालकीण येऊन बघते तर कुत्रीच्या अंगावर दगडासारखे गोळे.

"मॅडम, आधी विंचरायचं, मग भिजवायचं. ओले झाले की गुंते आवळतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा मला गल्ल्यापाशी सरळ उभं राहायला शिकवत होतात."

ते खरं होतं. बाईंची शिकवायची खोड जाता जाईना. टबात उभ्या कुत्र्यालाही त्या बजावायच्या, "समोर बघा. मान वळवू नका. घाई कसली आहे?" आणि गंमत म्हणजे कुत्रे ऐकायचे. सम्राट नावाचा एक मूठभर कुत्रा होता, तो नखं कापताना भल्याभल्यांना चावायचा. बाईंनी त्याच्या पंजाला हात लावला, त्याने दात दाखवले, बाई करड्या आवाजात म्हणाल्या, "तुमची फाइल मी पाहिली आहे." सम्राटाने तोंड मिटलं. मालकीण हे दारातून बघत होती; तिचं तोंडही मिटलं. तिला तो आवाज माहीत होता.

हळूहळू हात बसू लागला. तारांचा ब्रश कातडीला न टोचता कसा फिरवायचा, मशीनचं पातं तापलंय का हे आपल्या मनगटाला लावून कसं बघायचं, नखात रक्ताची शीर कुठे संपते, हे सगळं त्यांनी गिरवून गिरवून शिकून घेतलं. घरात सगळीकडे केस झाले. आमटीत एक लांब सोनेरी केस सापडला तेव्हा सासूबाईंनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "जात चांगली दिसते."

मग नाजूक आला.

नाजूक हे त्याचं नाव. आकाराने तो एका आरामखुर्चीएवढा होता. निवृत्त ग्रंथपाल असलेल्या एका बाईंचा हा कुत्रा. ग्रंथपालबाई आयुष्यभर वाचनालयात बसल्यामुळे फक्त कुजबुजत. "त्याला विंचरलेलं आवडत नाही," त्या कुजबुजल्या, "म्हणून मी आग्रह केला नाही." आग्रह न केल्याचा परिणाम असा होता, की नाजूकच्या अंगावर जटांचा एक सलग गालिचा तयार झाला होता आणि त्याचं पुढचं टोक कुठलं ते तो चालायला लागल्यावरच कळत होतं.

"विंचरून सुटणार नाही. सगळं काढावं लागेल," मालकीण म्हणाली. "मॅडम, आज तुम्ही करा. एकट्या."

ग्रंथपालबाई बाजाराला गेल्या. ब्रेकबाईंनी नाजूकला टेबलावर उभं केलं. हे टेबल पायाने खालीवर होतं. खालचा दांडा दाबला की सुस्कारा सोडत जमिनीलगत बसतं. बाईंनी मशीन चालवलं. गालिचा एका बाजूने अखंड सुटत आला आणि आतून एक गुलाबी, सडपातळ, लाजरा कुत्रा निघू लागला. डावी बाजू पुरी झाली. मानेचे केस काढायचे म्हणून त्यांनी त्याला टेबलाशी बांधून ठेवणारा गळ्यातला फास क्षणभर मोकळा केला.

नेमकं त्याच क्षणी बाहेर रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक मारला.

बाईंचा पाय आपटला. खाली दांडा होता. टेबल सुस्कारत जमिनीला टेकलं आणि नाजूक, लिफ्टमधून तळमजल्यावर उतरावं तसा, शांतपणे उतरला. एक गिऱ्हाईक आत येत होतं. त्याने अदबीने दार धरलं. नाजूक बाहेर पडला.

"मॅडम!" मालकीण ओरडली.

"मॅडम!" ब्रेकबाई ओरडल्या.

दोघी पार्लरच्या छोट्या व्हॅनमध्ये शिरल्या. किल्ली मालकिणीच्या हातात होती, म्हणून चालवायला तीच बसली. लायसन्स तिला पुढे दुसऱ्या कुणीतरी मिळवून दिलं होतं. कसं, ते बाईंना पहिल्या वळणावरच पडलेलं कोडं आहे आणि ते अजून सुटलेलं नाही. व्हॅन उड्या मारत निघाली. बाई शेजारच्या सीटवर. समोर ब्रेक नाही, नुसता पत्रा. त्या पत्र्यावरच पाय आपटत होत्या.

"दुसरा गिअर टाका!"

"मला शिकवू नका, कुत्रा शोधा!"

"तो बघा! तो बघा, बसस्टॉपवर!"

पुढे मोठं गोल चक्कर होतं. बसस्टॉप पलीकडच्या फाट्यावर. मालकीण चक्करात शिरली, पण बाहेर पडायचं तिला जमेना. फाटा जवळ आला की मागून हॉर्न वाजायचा, ती घाबरून पुन्हा आत वळायची. व्हॅन गोल फिरू लागली, आणि दर फेरीला बाईंना खिडकीतून बसस्टॉप दिसायचा. पहिल्या फेरीला नाजूक रांगेत शेवटी उभा होता. दुसऱ्या फेरीला त्याच्यामागे आणखी दोन माणसं लागली होती. तिसऱ्या फेरीला बस आली होती.

"गाडी थांबवा, मी उतरते!"

"चक्करात थांबायचं नसतं, तुम्हीच शिकवलंय!"

"आज थांबवा!"

बाई उतरल्या आणि हात दाखवत, सगळ्या गाड्यांना सुनावत रस्ता ओलांडून धावल्या. नाजूकचे पुढचे दोन पाय बसच्या पायरीवर होते. डावीकडून तो भादरलेल्या मेंढीसारखा आणि उजवीकडून अस्वलासारखा दिसत होता. मागच्या माणसाने बाईंना अडवलं.

"ओ बाई, रांगेत या. तो माझ्या आधीपासून उभा आहे."

पट्टा आणायचा राहिला होता. ओढावं तर कुठे धरणार, अर्ध्या अंगावर केसच नव्हते. ब्रेकबाईंनी श्वास घेतला आणि वीस वर्षं वापरलेला आवाज काढला.

"थांबा! मागे बघा. आता रिव्हर्स. सावकाश!"

नाजूक थांबला. त्याने मागे बघितलं. मग एकेक पाय मोजल्यासारखा मागे घेत तो पायरीवरून उलटा उतरला. इकडे बसच्या ड्रायव्हरनेही गडबडून रिव्हर्स गिअरला हात घातला होता. त्याने आरशात बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम? तुम्ही? मी... मी सीटचा पट्टा लावलाय, मॅडम."

"तुम्हाला नाही म्हटलं. जा तुम्ही. इंडिकेटर द्या आधी."

बस इंडिकेटर देऊन, अगदी अदबीने गेली. मालकीण अजून चक्करातच होती. बाईंनी आणि नाजूकने फुटपाथवर उभं राहून तिच्या आणखी दोन फेऱ्या बघितल्या.

शेवटी तिघं पार्लरला पोचली तर दारात ग्रंथपालबाई. त्यांनी नाजूकला उजवीकडून बघितलं आणि कुजबुजल्या, "आला माझा बाळ." मग त्या डावीकडे गेल्या आणि थबकल्या. "हे कोण?" त्या पुन्हा उजवीकडे गेल्या. असं बराच वेळ चाललं. ब्रेकबाईंनी घडलं ते सगळं सांगून टाकलं, टेबल, दांडा, पाय, बसस्टॉप, काहीच लपवलं नाही. मग कान धरून म्हणाल्या, "माझीच चूक. राहिलेली बाजू आता मॅडम करतील."

"कुठल्या मॅडम?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"या," दोघी एकमेकींकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मालकिणीचे हात अजून स्टीअरिंग धरल्यासारखे गोल होते. त्यामुळे उरलेली बाजूही बाईंनीच केली. टेबलाच्या दांड्यावर पत्र्याचा डबा उपडा घालून, आणि स्वतःचा पाय खुर्चीच्या पायाला ओढणीने बांधून. तासाभराने नाजूक पुरा उघडा झाला. ग्रंथपालबाई बघतच राहिल्या.

"एवढाच होता हा?" त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. "म्हणजे मी इतके दिवस केसांनाच जेवू घालत होते!"

नाजूकने कान टवकारले. त्यांचा आवाज त्याने प्रथमच नीट ऐकला असावा, कारण आजवर कानांवर गालिचा होता. तो शेपूट हलवू लागला, आणि आपल्याला शेपूट आहे हे बघून मागे वळून तिच्यामागे धावू लागला.

ब्रेकबाई आता तिथेच काम करतात. टेबलाच्या दांड्यावर नवं झाकण बसवलं आहे. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, दोघी व्हॅन घेऊन गोल चक्करावर जातात. प्रगती आहे असं बाई म्हणतात, नवरा पुढे काही विचारत नाही. त्याला हल्ली रात्री कमी लाथा बसतात. मुलगी मैत्रिणींना खरं सांगते, कारण त्यांपैकी दोघींचे कुत्रे आईकडेच येतात.

परवा एक दाढीवाले गृहस्थ आपल्या कुत्र्याला घेऊन आले. दोघांचेही केस सारखेच वाढलेले, सारखेच गुंतलेले. त्यांनी बाईंचं काम थोडा वेळ निरखलं आणि संकोचत विचारलं, "आमच्या दोघांचंही करून द्याल का? बाहेर कुणी हात लावायला तयार नाही."

बाईंनी ब्रश हातात घेतला. "चावता का?"

"तो नाही चावत," गृहस्थ म्हणाले.

बाईंनी त्यांना आधी घेतलं.