एका नावासाठी अमरावती ते अकोला

मी कोर्टाचा बेलीफ, समन्स पोचवणारा. आमचे वरिष्ठ नाझरसाहेब यांनी हे समन्स हाती ठेवलं. दावा बांधाचा. प्रतिवादी नारायण सखाराम, मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी. सहाव्या दिवशी तो अमरावतीच्या कोर्टात उभा राहिला नाही, तर एकतर्फी निकाल होऊन त्याची चार एकर काळी जमीन शेजाऱ्याकडे जाणार होती. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि वऱ्हाडातले बांध आपोआप सरकायला लागले.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर कापसाच्या हंगामात जाऊ नका. गाडीवाले माणसाला बसूच देत नाहीत. मी दुप्पट भाडं कबूल करून कापसाच्या ढिगावर बसलो. बडनेऱ्यापुढे धूळ इतकी की समोरचे बैल दिसेनात. भाकरी घरूनच बांधून घ्या. मी मात्र समन्स हरवेल या भीतीनं खाल्लीच नाही, सारखा सदऱ्यातला कागद चाचपत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचलो. ओळख पटवून देणारा पाटील बाहेरगावी गेलेला. नारायणच्या दारात त्याची बायको उभी होती.

"या घरच्या मालकाचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं आपल्या बायका मानतात. "थांबा जी, सासूले बोलावून आणते," म्हणून ती वावराकडे पळाली.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एक जण आला. "मीच नारायण. आना तो कागद."

मी हुश्श केलं. एक प्रत दिली, दुसरीवर अंगठा घेतला आणि निघालो. ओळख पटवायला दोन माणसं बोलवायची असतात, तेवढा धीर मला नव्हता.

वेशीपाशी ती बाई धापा टाकत आली. सासू सापडली नव्हती.

"कागद त्या समोरच्याले देल्ला? तो मावा मालक नोहे! दावा लावनाऱ्याचा भाऊ हाये तो!"

नारायणला तारीख कळू नये म्हणूनच त्यानं कागद घेतला होता. पण चूक कबूल करायची लाज वाटली आणि मी उलट तिच्यावरच ओरडलो, "मग तुझ्या नवऱ्याचं नाव सांग! तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मागं फिरणार नाही."

ती डोळे मिटून म्हणाली, "नारायण सखाराम. अकोल्याले कापूस घेऊन गेले. डाव्या बैलाचं शिंग मोडलं हाये."

तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या बाजारात शेकडो गाड्यांमधून मी मोडकं शिंग शोधत फिरलो. दिवस मावळताना सापडलं. खोट्या अंगठ्यावर काट मारली, समन्स वाचून दाखवलं आणि खरा अंगठा घेतला.

तारखेला नारायण हजर झाला. शेजाऱ्याचा दावा टिकला नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्याचं अभिनंदन केलं. तो हसला नाही.

"वावर वाचलं साहेब. पन मावं नाव घेतलं तवापासून बायको मले एकट्याले कुठंच जाऊ देत नाही. रातभर उठून मावा श्वास पाह्यते."

बाहेर गाडीपाशी ती बसली होती. इतका लांबचा रस्ता तुडवून आली होती, आणि नजर फक्त त्याच्यावर होती. मी माफी मागायला दोन पावलं पुढे गेलो. मला पाहताच तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

मी तसाच घरी आलो.